पिल्लाचं पोट सावकाश मोठं होतं

रविवारच्या बाजारात, पोपटांच्या पिंजऱ्यांखाली, बुटांच्या खोक्यात सशाची तीन पिल्लं ठेवली होती. मुठीत मावतील एवढी. एक पांढरं, दोन राखाडी. अंगाखाली ओला झालेला वर्तमानपत्राचा कागद आणि मधोमध कोबीचं एक पान, कडेनं पिवळं पडलेलं. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "काका, हा काय खातो?" विकणारा नोटा मोजत होता. मान वर न करताच म्हणाला, "काहीही टाका, खातो तो." वडिलांनी मान डोलावली, दुसऱ्या एका खोक्याला पेनानं भोकं पाडली गेली आणि पांढरं पिल्लू त्या मुलीबरोबर गेलं. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते मनातून जाईना. ससा खरंच काहीही खातो. पोळी खातो, बिस्कीट खातो, भिजवलेले हरभरे खातो, कपाटाचा कोपरा आणि चार्जरची वायरसुद्धा खातो. खाल्लेलं पचतं की नाही, याची त्याच्या तोंडाला काही खबर नसते. आणि पिल्लाच्या बाबतीत ती खबर आपल्याला मिळते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

बाजारात येणारी पिल्लं पुष्कळदा जेमतेम चार आठवड्यांची असतात, कधी त्याहूनही लहान. लहान पिल्लू जास्त गोंडस दिसतं, लवकर विकलं जातं. पण चौथ्या आठवड्यात सशाच्या पिल्लाच्या पोटात नेमकं काय चाललेलं असतं हे कळलं, की हा व्यवहार किती धोक्याचा आहे ते उमगतं. पिल्लं जन्मतात ती आंधळी आणि बिनकेसांची. डोळे उघडतात दहाव्या-बाराव्या दिवशी. आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा घरट्यात येते आणि तीन ते पाच मिनिटं दूध पाजून निघून जाते. बाकीचा दिवस ती पिल्लांकडे फिरकत नाही. नवखी माणसं घाबरतात, आईनं पिल्लं टाकली असं समजून ड्रॉपर हातात घेतात. खरं तर सकाळी पिल्लाचं पोट गोल आणि टणटणीत दिसत असेल, कातडी सुरकुतलेली नसेल, तर आई तिचं काम करते आहे. एवढ्या थोड्या वेळात भागतं, कारण ते दूध विलक्षण दाट असतं. गाईच्या दुधाच्या तुलनेत त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं तिपटीच्या आसपास असतात, साखर मात्र खूपच कमी.

या दुधाचं दुसरं एक काम आहे, ते बाहेरून दिसत नाही. मोठ्या सशाच्या जठरात आम्ल इतकं तीव्र असतं की अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. दूध पिणाऱ्या पिल्लाचं जठर तसं नसतं, त्यातलं आम्ल सौम्य असतं. त्या काळात पहारा देतात ती आईच्या दुधापासून पिल्लाच्या पोटात तयार होणारी जंतुनाशक स्निग्धाम्लं. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू गवताची काडी चघळू लागतं, घरट्यात पडलेल्या आईच्या लेंड्या खातं, आणि त्या लेंड्यांतून त्याच्या आतड्यात उपयोगी जीवाणूंची पहिली वस्ती होते. दूध कमी होत जातं, आम्ल वाढत जातं, वस्ती रुजत जाते. हे सगळं जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात पिल्लाला आईपासून उचललं, तर जुना पहारा उठलेला असतो आणि नवा अजून उभा राहिलेला नसतो.

म्हणून पिल्लू घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असतं, आठ आठवडे पुरे झालेलंच घ्या.

पण घरात आधीच आलेलं पिल्लू परत पाठवून काही साधत नाही. ते चार आठवड्यांच्या आतलं असेल, नीट चावून खात नसेल, तर दुधाची सोय करावीच लागते आणि ते दूध गाई-म्हशीचं नसावं. त्यातली साखर पिल्लाला झेपत नाही, जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर किंवा ताजं शेळीचं दूध त्यातल्या त्यात बरं. पहिल्या आठवड्यात दिवसभराचं मिळून ५ मिलिलीटर, दुसऱ्या आठवड्यात १० ते १५, तिसऱ्यात १५ ते ३०, पुढे ३० च्या आसपास. हे दोन वेळांत विभागून, कोमट करून, सुई काढलेल्या सिरिंजनं थेंबाथेंबानं. पिल्लाला उताणं कधीच धरायचं नाही. चार पायांवर, डोकं किंचित वर, जसं ते आईखाली असतं तसं. घाई केली की दूध श्वासनलिकेत जातं, आणि भुकेपेक्षा न्यूमोनियानं पिल्लू लवकर जातं. ही आकड्यांची यादी जवळ असली तरी पशुवैद्याला एकदा दाखवावंच.

आता पोटाविषयी थोडं, कारण पुढचं सगळं खाणं त्यावर उभं आहे. सशाच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक मोठी पिशवी असते, सीकम. पोटातला तो सगळ्यात मोठा अवयव. गवताचा बारीक झालेला भाग तिथे जातो आणि जीवाणू तो आंबवतात. जाड चोथा तिथे न थांबता पुढे सरकतो, कोरड्या गोल लेंड्या होऊन पडतो, आणि जाता जाता आतड्याला हलतं ठेवतो. आंबवलेल्या भागाच्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या दिसणाऱ्या लेंड्या होतात आणि ससा त्या थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन गिळतो. प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं त्याला अशी दुसऱ्या फेरीत मिळतात. ससा मान खाली घालून स्वतःचंच काही खाताना दिसला म्हणून त्याला हटकणारी माणसं मी पाहिली आहेत. हटकू नये, ते त्याचं जेवणच आहे.

या पिशवीतल्या जीवाणूंना चोथा हवा असतो, पीठ नको. मोठ्या सशाच्या लहान आतड्यात पिठूळ पदार्थ बऱ्यापैकी पचून जातात. पिल्लाच्या आतड्याची ती ताकद अर्धवट असते. पाव, पोळी, भात, बिस्कीट, मक्याचे दाणे यांतला न पचलेला भाग तसाच सीकममध्ये उतरतो आणि तिथे क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जीवाणूंचं फावतं. ते विष तयार करतात. चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना होणारे पाण्यासारखे जुलाब पुष्कळदा या वाटेनं येतात आणि एका-दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं. अशा वेळी घरातलं लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप पाजायचा मोह होतो. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडानं दिलं तर सशाच्या सीकममधली उपयोगी वस्ती मरते आणि मोकळ्या जागेत तेच घातक जीवाणू पसरतात. कुत्र्या-मांजराला चालणारं औषध सशाला मारू शकतं. त्यामुळे सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेला डॉक्टर कोण, हे पिल्लू आजारी पडायच्या आधीच शोधून ठेवावं.

पिल्लू घरी आल्यावरचा पहिला आठवडा शक्य तितका कंटाळवाणा असावा. विकणाऱ्याकडे ते जे खात होतं ते विचारून मूठभर मागून आणावं, अगदी ते खाणं फारसं चांगलं नसलं तरी. प्रवास, नवा वास, कुत्र्याचं भुंकणं यांनी पोट आधीच बिथरलेलं असतं, त्यात खाणंही बदललं तर ते सोसत नाही. सोबत अमर्याद सुकं गवत आणि पाणी. भाजी नाही, फळ नाही, पाहुण्यांच्या हातचं काही नाही. नंतर जुन्या खाण्यात नवं मिसळत जायचं. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. सात ते दहा दिवसांत बदल पुरा होतो. मध्येच लेंड्या मऊ झाल्या तर एक पायरी मागे यायचं आणि तिथेच थांबायचं. पाण्याला नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं बरं, ससे त्यातून जास्त पाणी पितात. किलोभर वजनामागे दिवसाला ५० ते १५० मिलिलीटर पाणी लागतं, आणि सुकं गवत खाणाऱ्याला त्यातल्या वरच्या आकड्याजवळ.

गवताबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त आळस केला जातो, आणि सगळ्यात जास्त महत्त्व त्यालाच आहे. सशाचे दात २८. ते सगळे जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २ ते ३ मिलीमीटर. गवताची लांब काडी खालचा जबडा आडवा फिरवत दळावी लागते, त्यातच दाढा झिजतात. पेलेट, म्हणजे पाकिटात मिळणाऱ्या तयार खाद्याच्या गोळ्या, दोन-चार वेळा वरून दाबले की फुटतात, दाढांना काम मिळत नाही. मग दाढांना टोकं येतात, जीभ-गाल सोलले जातात, हनुवटी लाळेनं ओली राहते, आणि माणसं म्हणतात की ससा एकाएकी खायचा थांबला. ते एकाएकी नसतं, महिन्यांमागे सुरू झालेलं असतं. रोज निदान सशाच्या स्वतःच्या अंगाएवढा गवताचा ढीग पुढ्यात असावा. तो सगळा संपत नाही, थोडं तुडवलं जातं, त्यावरच तो बसतो. ते वाया गेलं असं मानू नये. गवताची जाळी त्याच्या मलपेटीला लागूनच ठेवली तर तो तिथे बसून जास्त खातो, सशांना तशी सवयच असते.

सहा-सात महिन्यांपर्यंत वाढत्या हाडांना प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त लागतं, म्हणून लसूणघास हा गुरांना घालतात तो चारा चालतो, नव्हे उपयोगी पडतो. शहरात तो अल्फाल्फा या नावानं पाकिटात महाग मिळतो. गावाकडे किंवा गोठ्यांच्या आसपास हिरवी पेंडी स्वस्तात मिळते. ती तशीच ओली घालू नये, पोट फुगतं. सावलीत पसरून वाळवावी, उन्हात नाही. कडक उन्हात पानं ठिसूळ होऊन गळतात आणि काड्याच उरतात, तर सगळं सत्त्व पानांतच असतं. मात्र लसूणघासाच्या जोडीला साधं गवतही पहिल्यापासून ठेवावं. टिमोथी परवडलं तर उत्तम, नाहीतर ओटचं किंवा ऱ्होडस गवत, वाळवलेली हरळी. लहानपणी जी चव तोंडाला लागते तिच्याकडे ससा पुढेही वळतो, आणि फक्त लसूणघासावर वाढलेला ससा सातव्या महिन्यात साध्या गवताकडे पाठ फिरवतो. गणपतीच्या दिवसांत फुलवाल्याकडे दूर्वांच्या जुड्या मिळतात. त्या धुऊन, निथळून घातल्या तर मोठ्या आवडीनं खातो. कोवळ्या ज्वारीचा पाला मात्र नको, त्यानं गुरं दगावतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. लॉन कापायच्या यंत्रातून निघालेला चुराही नको, तो तासाभरात गरम होऊन आंबू लागतो.

बारा आठवडे पुरे झाले की हिरवा पाला. इथेच लोक घाई करतात. एका वेळी एकच भाजी, कोथिंबिरीच्या चार काड्या एवढीच, १० ग्रॅमच्या आसपास. मग चोवीस तास लेंड्यांकडे लक्ष. सगळं ठीक असेल तर तीन-चार दिवस तीच भाजी, आणि मगच पुढची. कोथिंबीर, पुदिना, फ्लॉवरची बाहेरची पानं, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, जास्वंदीची पानं हे सगळं चांगलं. भाजीवाला जो पाला मोडून बाजूला टाकतो त्यातच सशाचं उत्तम जेवण असतं. मेथी थोडी. पालक, माठ, चाकवत यांत ऑक्झलेट जास्त, म्हणून आठवड्यातून एखाद्या वेळी आणि एका दिवशी तिघांपैकी एकच. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर, वाढत्या वयात मूठभर ठीक, पुढे कमी. कोबीनं काहींच्या पोटात वायू धरतो, ज्याला धरतो त्याला पुन्हा देऊ नये. ससा ओकू शकत नाही आणि ढेकरही नीट देऊ शकत नाही. आत गेलेल्या वायूला एकच वाट असते आणि ती लांबची असते.

गाजराबद्दल बोलायलाच हवं. बालवाडीच्या तक्त्यांवरून गाजर सशाच्या हातात कायमचं येऊन बसलं आहे. पण गाजर हे गोड मूळ आहे आणि रानातला ससा मुळं उकरून पोट भरत नाही, तो गवत आणि पानं चरतो. नखाएवढी चकती, आठवड्यातून एक-दोनदा, हाका मारून जवळ बोलवायला किंवा औषध घेतल्यावर बक्षीस म्हणून, एवढंच तिचं काम. फळांचंही तेच. चार-पाच महिन्यांच्या आधी नाही आणि नंतर किलोभर वजनामागे चहाचा एक चमचा. केळं सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून त्याचीच सर्वांत जास्त काळजी.

घराभोवतीची झाडंही बघून ठेवावीत. कण्हेर, घाणेरी, रुई ही विषारी. कुंडीतलं मनीप्लांट आणि डिफेनबाकिया तोंड सोलून काढतात. बटाटा-टोमॅटोची पानं, कांदा, लसूण, चॉकलेट नको. सुबाभळीचा पाला शेळ्या आवडीनं खातात म्हणून सशालाही घातला जातो, पण त्यातल्या मिमोसिननं सशाचे केस गळतात.

पेलेट घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. पिल्लासाठी प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास, मोठ्यासाठी १२ ते १४, आणि तंतू १८ टक्क्यांहून कमी नसावेत. रंगीत चकत्या, सूर्यफुलाच्या बिया आणि मक्याचे दाणे घातलेली मिश्रणं दिसायला छान असतात, पण ससा त्यातलं गोड आणि पिठूळ तेवढं निवडून खातो, बाकी ठेवतो. एडिनबरा विद्यापीठात या मिश्रणांची गवत आणि पेलेटशी तुलना करून पाहिली गेली, तेव्हा मिश्रणावरचे ससे गवत कमी खाताना, जाड होताना आणि दात बिघडताना दिसले. सुटं खाद्य घेत असाल तर वास घ्या. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सशाच्या यकृताला फार थोड्या प्रमाणातही सोसत नाही.

सात महिन्यांपर्यंत पेलेट हवे तेवढे चालतात. नंतरचं काम माझ्या मते सगळ्यात अवघड, कारण त्यात सशाचं पोट कमी आणि माणसाचं मन जास्त आड येतं. लसूणघास हळूहळू काढून घ्यायचा, पेलेट मोजून द्यायचे. सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू किलोमागे २० ते २५ ग्रॅमपर्यंत खाली यायचं, म्हणजे दोन किलोच्या सशाला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम, दोन वेळा मिळून. हिरवा पाला त्याच काळात वाढवायचा, किलोमागे पाऊण ते एक कप. ससा भांडं दातांत धरून आपटतो, पायांत घोटाळतो, मागच्या पायांवर उभा राहतो. तो उपाशी नसतो, शेजारी गवत पडलेलं असतं. त्याला गोडसर पेलेट हवे असतात. पाघळलेलं माणूस आणखी एक मूठ टाकतं आणि वर्षभरात ससा इतका जाड होतो की त्याचं तोंड स्वतःच्या मागच्या भागापर्यंत पोचत नाही. मऊ लेंड्या खाता येत नाहीत, त्या केसांना चिकटतात, आणि पावसाळ्यात तिथे माश्या अंडी घालतात. जास्तीचं कॅल्शियमही लघवीवाटे निघतं, ती वाळल्यावर खडूसारखी पांढरी पूड उरते. पूड रोज आणि दाट दिसू लागली तर लसूणघास आणि शेवगा ताबडतोब बंद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून आठवड्याला एकदा वजन घ्यावं आणि लिहून ठेवावं. वाढत्या वयात आकडा दर वेळी चढायला हवा. मोठेपणी पाठीवरून हात फिरवताना बरगड्या बोटांना लागायला हव्यात, टोचायला नकोत.

उन्हाळ्यात तीस अंशांच्या वर पारा गेला की ससा कमी खातो. विदर्भात तर दुपारी खाण्याचं नावच नको, गवत-पाला पहाटे आणि रात्री द्यावा, पाला धुऊन ओलसरच ठेवावा, पाणी दोनदा बदलावं. कोकणात आणि मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्याची. गवत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की आठवडाभरात घाम धरतं. गोणपाटात, जमिनीपासून उंच, हवा लागेल असं ठेवावं आणि महिन्यापुरतंच आणावं. कुबट वास आला, झटकताना पांढरी धूळ उडाली, तर सगळा गठ्ठा टाकावा. वाळवून परत वापरू नये, उन्हानं बुरशी मरते पण तिचं विष जात नाही.

आणि रोज सकाळी लेंड्या बघाव्यात. गोल, कोरड्या, वाटाण्याएवढ्या, मोडल्यावर आत गवताचा भुसा दिसेल अशा, रोज दोन-अडीचशे तरी. लहान आणि काळ्या झाल्या तर गवत-पाणी कमी पडतंय. केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या तर केस गळायचा हंगाम आहे, ब्रश वाढवा. मऊ घोस तसेच पडलेले सापडले तर पेलेट किंवा पाला जास्त होतोय. अजिबात नाहीत आणि ससा कोपऱ्यात पोट दाबून बसलाय, दात करकरतोय, आवडता तुकडाही हुंगून सोडतोय, तर आतडं थांबलं आहे. बारा तास न खाल्लेला ससा ही तातडीची वेळ आहे, लहान पिल्लाला तर तेवढेही तास नसतात. "उद्या बघू" या दोन शब्दांनी पुष्कळ ससे गेले आहेत.

दिवाळीला गावी जाताना ससा शेजारच्या काकूंकडे ठेवायचा असेल, तर पेलेटचा डबा देऊ नये. दिवसागणिक मोजलेल्या कागदी पुड्या द्याव्यात, वर वार लिहून. गवत मात्र हवं त्याच्या दुप्पट. फराळातला चकलीचा तुकडासुद्धा चालणार नाही हे आधी सांगावं, घरात मुलं असतील तर त्यांना वेगळं सांगावं. डॉक्टरांचा नंबर दाराला चिकटवावा, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहावं, सकाळचे पेलेट संध्याकाळी तसेच दिसले तर आम्हाला विचारत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.